बर्फ पडेपर्यंत

त्या वर्षी हिवाळा आलाच नाही. जून, तिकडचा थंडीचा महिना, उजाडला, सफरचंदाची झाडं उघडीबोडकी झाली, दिवस आखडले, सगळं रीतीप्रमाणं झालं. फक्त बर्फ नाही. बर्फाच्या जागी पाऊस. सकाळी पाऊस, दुपारी पाऊस, आणि हवा अशी कोमट की चुलीपाशी बसलं तर घाम फुटावा आणि बाहेर पाऊल टाकलं तर हाडं भिजावीत. जगाच्या दक्षिण टोकाकडच्या आयसेनच्या त्या खोऱ्यात बर्फाला कुणी कधी लाडानं बोललेलं नव्हतं, पण त्या वर्षी धडधाकट माणसं दारात उभी राहून आभाळाला शिव्या घालत होती.

क्लोरिंदाचा म्हातारा बाप, अबेलिनो, रोज सकाळी चुलीपुढं गुडघा चोळत सांगायचा, "उद्या पडतंय बघ. माझा गुडघा खोटं बोलत नाही."

गुडघा रोज खोटं बोलत होता.

अशाच एका सकाळी देल्फिन आला. देल्फिन म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी; चार चाकरांचा धनी, खोऱ्यात शब्दाला वजन असलेला. दारात आला तरी तो घोड्यावरून उतरला नाही. खोगिराला अडकवलेली एक दोरी त्यानं सोडली आणि क्लोरिंदाच्या पायापुढं टाकली. दोरीत मेंढ्यांचे कान ओवलेले होते. उजव्या कानाला माशाच्या शेपटीसारखी खाच, डाव्याचं टोक कापलेलं. ही देल्फिनच्या कळपाची खूण, खोऱ्यात ती सगळ्यांना पाठ.

"कुत्रा कुठाय तुझा?"

"कुठं असणार? वळचणीला पडलाय."

"आत्ता पडलाय. रात्री कुठं असतो?"

क्लोरिंदाला बोलणं कुठं चाललंय ते कळलं आणि तिचा आवाज चढला. "प्यूमाचं काम असेल ते. माझ्या कुत्र्याचं नाव घेऊ नकोस."

"प्यूमा? बर्फ नसताना प्यूमा कशाला खाली येतोय? त्याला वर रानातच भरपूर आहे. हे घरच्या दातांचं काम आहे बाई."

"मढी दाखव. कुठं चावलंय बघून सांगते कुणाचे दात ते."

"मढी उरलीत कुठं! गिधाडांनी आणि कोल्ह्यांनी हाडं पांगवली, तेव्हा कुठं कळलं. कान तेवढे मिळाले."

ते खरंच होतं. एरवी बर्फ पडलं की मेंढरं घराजवळच्या वाड्यात येतात, एखादी मेली तर त्याच सकाळी कळतं. त्या वर्षी गवत उघडं राहिलं, कळप डोंगरभर पसरले, आणि कुठली मेंढी कुठल्या घळीत मेली ते आठवडा उलटल्यावर समजायचं. माती धुऊन गेलेली, खुणा धुऊन गेलेल्या.

आणि खुणेशिवाय न्याय कसला? तिथली रीत अशी की कुत्र्याला एकदा मेंढीच्या रक्ताची चटक लागली तर मालकानंच स्वतःच्या हातानं त्याला फास द्यायचा, कुंपणाजवळच्या झाडाला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. मढ्यापासून निघालेली पावलं बर्फात ज्याच्या दारात जातील त्याचा कुत्रा. माणूस रडत रडत दोर आणायचा, पण आणायचा.

"बर्फ पडू दे," क्लोरिंदा म्हणाली. "पुढची मेंढी बर्फात मरू दे. पावलं माझ्या दारात आली तर मी कुणी सांगायची वाट बघणार नाही."

"आणि तोवर माझी मेंढरं त्याला चारू?"

"तोवर साखळीला बांधते."

"साखळी तुझी, हात तुझे. संध्याकाळी सोडशील, सकाळी बांधशील." देल्फिन आता उतरला. त्यानं खोगिराच्या पिशवीतून कुलूप काढलं. कुलूप बरोबर घेऊनच आला होता मेला! "हे घाल साखळीत. किल्ली माझ्याकडं. बर्फ पडेपर्यंत."

कुत्र्याच्या, बार्बूचोच्या, हनुवटीला बोकडासारखी दाढी होती, त्यावरूनच त्याचं नाव पडलेलं. देल्फिन चिखलात वाकून त्याच्या मानेभोवती साखळी आवळत होता आणि हा खुळा शेपटी हलवत होता. कुलूप बसल्याचा आवाज झाला. देल्फिननं किल्ली अंगावर पांघरलेल्या लोकरी पोंचोच्या आत टाकली.

"तुझं वरचं रान दे मला चारायला," जाताना तो म्हणाला. "कुत्र्याशिवाय तुला झेपायचं नाही ते."

"झेपलं नाही तर पेटवून देईन, पण तुला देणार नाही."

"भिजलेलं रान पेटत नाही," देल्फिन म्हणाला आणि निघून गेला.

झेपत नव्हतंच. बार्बूचो असताना क्लोरिंदानं खालून एक शीळ घालावी आणि त्यानं डोंगराला वळसा घालून सगळा कळप तिच्या पायाशी आणून ओतावा. आता ती स्वतः धावत होती. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत, काटेरी झुडपांनी हात ओरबाडून घेत, इकडून हाकललं की तिकडून फुटणाऱ्या मेंढरांमागं. संध्याकाळी तिच्या छातीतून भात्यासारखा आवाज यायचा. ओल्यात उभं राहून मेंढ्यांचे खूर सडायला लागले. एकेकीला उताणी पाडून, मांडीत दाबून, चाकूनं सडका भाग खरवडायचा. तो वास केसात जाऊन बसला तो धुऊनही निघेना.

त्यात कच्च्या चामड्यानं दगा दिला. खोऱ्यात सगळं कच्च्या चामड्याच्या वादीनं बांधतात, खोगीर काय, कुंपण काय, बैलांच्या शिंगांवरचं जू काय. थंडीत ती वादी लोखंडासारखी धरते. त्या पावसात ती उकडलेल्या आतड्यासारखी लिबलिबीत झाली. लाकडाचा ओंडका ओढताना जू सुटलं, ओंडका उतारानं मागं आला आणि क्लोरिंदाची नडगी सोलून गेला. ती तशीच खाली बसली आणि पावसातच ढसाढसा रडली. कुंपणापलीकडून देल्फिननं नेमकं तेच बघितलं.

"क्लोरिंदा, नुसतं पळून मेंढरं ऐकत नसतात! जरा भुंक की!"

त्याचे चाकर हसले. त्याचे कुत्रे त्याच्या घोड्यामागं गुमान चालले होते.

दुकानात मीठ-पीठ आणायला गेली तर तिथंही तेच. पावसानं अडकलेली माणसं चुलीभोवती बसलेली, माटेची, कडू पाल्याच्या त्या चहाची, वाटी हातोहात फिरत होती. दुकानवाली गरम पाणी ओतायची, एकानं नळीनं ओढायचं, वाटी परत द्यायची, मग पुढचा. क्लोरिंदा ओल्या पोंचोसकट बाकाच्या टोकाला बसली. वाटी तिच्या शेजाऱ्यापर्यंत आली, परत गेली, आणि तिला वगळून पलीकडच्याला मिळाली. तिच्या कानशिलाला आग लागली.

"कुलूप घातल्यापासून देल्फिनची एक मेंढी गेली नाही म्हणे," दुकानवाली पिठाची पिशवी बांधता बांधता म्हणाली.

"देल्फिन म्हणतो ना?"

"तो कशाला खोटं बोलेल? आणि हे बघ, मला काय त्याचं. पण वसंतात लोकर कापायला माणसं लागतील तुला. मेंढीखाऊ कुत्रा पोसणाऱ्या घरी कोण येणार गं?"

घाव इथं बसला. लोकर कापणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे; आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी, असं सगळं खोरं मिळून ते करतं. शेजारी आले नाहीत तर लोकर मेंढ्यांच्या अंगावरच राहणार, आणि मग वरचं रान देल्फिनला नाही द्यायचं तर काय करायचं? क्लोरिंदा पिशवी पोंचोखाली धरून घरी आली आणि वळचणीपुढं उभी राहिली. बार्बूचोच्या मानेवरचे केस साखळीनं झिजले होते, खाली लाल कातडं ओलं दिसत होतं. साखळीच्या टोकानं त्यानं अंगणात चिखलाचा एक गोल करून ठेवला होता. तिला बघून तो दोन पायांवर उभा राहिला.

"तूच का रे?" ती म्हणाली. "तूच असशील तर सांग ना मेल्या."

जुलै असाच गेला. ऑगस्टात नदी फुगली. बर्फ नाही, आणि देल्फिनची एकही मेंढी मेली नाही. रोज तेच मनात घोळून घोळून क्लोरिंदाला वाटायला लागलं की खरं असेल. गेल्या हिवाळ्यात बार्बूचोच्या दातात लोकर अडकली होती, ती आपणच काढली होती. मेंढरांच्या कुत्र्याच्या दातात लोकर असायचीच, हे तिला माहीत होतं. तरी आता ती लोकर आठवली की ती उठून वळचणीकडं बघून यायची.

एका सकाळी तिनं खुंटीवरचा दोर काढला.

"काय करतेस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"जे करायचं तेच."

"उद्या बर्फ पडतंय. माझा गुडघा..."

"बाबा, चुलीत घाला तो गुडघा!"

ती बाहेर गेली आणि फासाचं माप घ्यायला तिनं दोर बार्बूचोच्या मानेत घातला. तो स्थिर उभा राहिला. तिचे हात होते, मग हरकत नव्हती. गाठ सरकते की नाही बघायला तिनं दोर ओढला. सोललेल्या कातड्यावर दोर आवळला तसा तो केकाटला, मागं सरला आणि कान पाडून तिच्याकडं बघत राहिला. क्लोरिंदानं तोंड फिरवलं. फास तिनं कुंपणाजवळच्या झाडाच्या फांदीला टांगला. पण कुत्र्याला झाडापर्यंत न्यायचं तर कुलूप उघडायला हवं होतं. स्वतःच्या कुत्र्याला मारायलासुद्धा तिला देल्फिनच्या दारात जावं लागणार होतं.

देल्फिन जेवत होता. त्याची बायको ओतिलिया चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"किल्ली दे," क्लोरिंदा म्हणाली.

"बर्फ कुठं पडलंय?"

"नको बर्फ. फास टांगलाय. किल्ली दे."

देल्फिननं पाव मोडला, रश्श्यात बुडवला, सावकाश खाल्ला. "आली अक्कल. पण किल्ली देणार नाही. उद्या मी स्वतः घेऊन येतो. बघायला नको का?"

"बघायला येतोस?"

"माझ्या मेंढ्या मेल्यात. हक्क आहे माझा."

"इतके दिवस थांबलात," ओतिलिया चुलीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "अजून चार दिवस थांबला असतात."

"तू तुझं बघ!" देल्फिन एवढ्या जोरात खेकसला की क्लोरिंदालाच दचकायला झालं. ओतिलियानं मान खाली घातली आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर क्लोरिंदा बैल आणायला नदीकडं गेली. पूर ओसरत होता. वळणावरच्या गोट्यांत फांद्या, मुळं, वाहून आलेलं कुंपण असा सगळा राडा अडकलेला होता आणि त्यात काहीतरी पांढरं होतं. तिला वाटलं, आपलीच बुडालेली मेंढी. ती पाण्यात उतरली, पायाला धरून तिला ओढून वर घेतली आणि सवयीनं कान बघितले.

उजव्याला माशाची शेपटी, डाव्याचं टोक कापलेलं.

मेंढी ताजी होती, थंड पाण्यात तर आणखी टिकलेली. डोळेसुद्धा शाबूत. क्लोरिंदानं लोकर बाजूला केली. नरड्याला खोल भोकं, आणि खांद्यामागं फासळ्या उघडून आतलं खाल्लेलं. मागचे पाय साफ, एक ओरखडा नाही. कुत्रा मागून धरतो, मांड्या फाडतो. नरडं धरून एका दणक्यात मारणारा खोऱ्यात एकच. प्यूमा.

आणि मागच्या पायांत काहीतरी लटकत होतं. कच्च्या चामड्याची वादी, चार पदरी विणलेली, देल्फिन त्याच्या लगामाला विणतो तशीच. तिचं एक टोक पायांना करकचून बांधलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला एक रिकामा फास होता, चांगला मोठा दगड मावेल एवढा.

क्लोरिंदाला सगळं उमगायला वेळ लागला नाही. मेंढरं मरत होती. कुलूप घातल्यावरही मरत होती. आणि हा एवढा मोठा शब्दाचा माणूस, आपला शब्द खोटा पडू नये म्हणून, ती दगड बांधून नदीत टाकत होता. बांधायला काय घेतलं, तर जन्मभर जे घेतलं तेच. कच्चं चामडं. भर पावसाळी वर्षात, नदीच्या पाण्यात! वादी मऊ पडली, ताणली, दगड निसटला, आणि मेंढी क्लोरिंदाच्या काठाला येऊन लागली.

ती हसली. मग तिला फांदीवरचा फास आठवला आणि हसू तोंडातच मेलं.

देल्फिन आला तेव्हा मेंढी दारात पडलेली होती, पाय त्याच्याकडं केलेले. अबेलिनोला तिनं खुर्चीसकट वळचणीला आणून बसवलं होतं. देल्फिननं मेंढी बघितली, वादी बघितली. पावसाचं पाणी टोपीवरून त्याच्या नाकावर ठिबकत होतं.

"वाहून आली असेल," तो म्हणाला.

"पाय बांधून घेऊन वाहिली का?"

"हे बघ क्लोरिंदा..."

"ही कितवी?"

देल्फिननं टोपीवरचं पाणी झटकलं.

"कितवी रे? माझ्या दारात मला भुंकायला सांगतोस! वाटीला हात लावू देत नाहीत मला दुकानात! आणि काल जेवता जेवता मला म्हणालास, बघायला येतो. काय बघायला येणार होतास, सांग की! ज्यानं काही केलं नाही त्याचे पाय झाडताना बघायला?"

"माणसं हसली असती," देल्फिन म्हणाला. एवढंच. आणि किल्ली पुढं केली.

"मला नको. तू घातलंस, तू काढ. खाली बस."

तो घोड्यावरून उतरला आणि चिखलात गुडघ्यांवर बसला. बार्बूचो गुरगुरला, या वेळी शेपटी हलली नाही. देल्फिननं हात लांबवून किल्ली कुलपात घातली. किल्ली फिरेना. त्यानं जोर केला, थुंकला, पुन्हा जोर केला. आख्ख्या हिवाळ्याचा पाऊस त्या कुलपात शिरला होता, आतून त्याचा नुसता गंज झाला होता. किल्ली मोडली आणि अर्धी आतच राहिली.

"कानस आहे का?" त्यानं खालूनच विचारलं.

क्लोरिंदानं कानस त्याच्यापुढं चिखलात टाकली. मग चुलीवरची किटली आणली, बापाशेजारी बसली आणि माटेची वाटी भरली. बापाला दिली, त्यानं ओढली. परत भरली, तिनं ओढली. देल्फिन घासत होता. कुत्र्याचे दात त्याच्या मनगटाजवळ आणि पाऊस त्याच्या मानेत जात होता. वाटी दोघांतच फिरत राहिली. दुपार कलायला आली तरी कुलपाची कडी अर्धीच कापली होती आणि देल्फिनची बोटं रक्ताळली होती.

"पाणी तरी दे," तो म्हणाला.

"वरून पडतंय की," क्लोरिंदा म्हणाली. "तोंड उघड."

म्हातारा खदाखदा हसला, इतका की त्याला ठसका लागला.

कडी तुटली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. क्लोरिंदानं मेंढी देल्फिनच्या घोड्यावर चढवू दिली नाही. "खांद्यावर घे. दुकानावरून जा. विचारतील त्यांना सांग." तो कुंपणाच्या कडेनं, मेंढी खांद्यावर घेऊन, घोडा मागं ओढत गेला. सांगितलं असणार, कारण दोन दिवसांनी दुकानवालीनं न मागता वाटी तिच्या हातात ठेवली. क्लोरिंदानं ती न ओढता परत दिली.

बार्बूचो पहिल्या दिवशी चिखलाच्या त्या गोलातून बाहेर पडेना. मग एकदा डोंगरावरून मेंढरं फुटलेली दिसली तसा बाण सुटल्यासारखा गेला आणि सगळा कळप खाली घेऊन आला. शिळेला वळत होता, हाकेला थांबत होता, कामात कुठं कसूर नाही. फक्त ती हात पुढं करायला गेली की तो तेवढाच मागं सरायचा. म्हाताऱ्याच्या हातून खायचा. तिनं टाकलेलं हाड ती घरात गेल्यावर उचलायचा.

"विसरेल गं," अबेलिनो म्हणायचा. "कुत्र्याची जात आहे."

ती फांदीवरचा दोर काढून चुलीत घालून आली होती. त्यानं काय होणार होतं?

सप्टेंबरात, कोकरं जन्मायच्या तोंडावर, जेव्हा कुणाला नको होतं तेव्हा, एका सकाळी बर्फ पडलेलं दिसलं. बोटभर जाडीचं, कोरं करकरीत. घरातून म्हातारा ओरडला, "बघितलंस? गुडघा काय म्हणत होता?"

क्लोरिंदा दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. बर्फात पावलं उमटली होती. ती वाड्याकडून आली होती, घराला एक वळसा घालून दाराच्या दिशेनं वळली होती आणि मधेच थांबली होती. तिथं बर्फ दबलं होतं, अंगाच्या उबेनं थोडं वितळलंही होतं. तो बराच वेळ बसून होता. मग पावलं मागं फिरली आणि पुन्हा वाड्याकडं गेली.

"खुणा आहेत का गं?" आतून बापानं विचारलं. "कुणाच्या?"

"आपल्याच कुत्र्याच्या."

"कुठवर आल्यात?"

उंबऱ्यापासून त्या बसल्या जागेपर्यंतचं अंतर तिनं नजरेनं मोजलं. पूर्वी साखळी होती तेवढंच ते होतं.

"दारापर्यंत नाही," ती म्हणाली.